स्कीचा दिवस रात्र ठरवते: वसंत-उन्हाळ्यात चाल आणि स्की एकाच सहलीत कशी आखावी

वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला डोंगरावर दोन ऋतू एकाच वेळी नांदत असतात. खाली पायवाट कोरडी आणि गवत हिरवं, तर हजारभर मीटर वर चढलं की अजून भरपूर बर्फ. दोन्हींचा आनंद एकाच सहलीत घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी तारखा पक्क्या करतात आणि मग दिवसांना नावं देऊन टाकतात: सोमवारी ट्रेक, मंगळवारी स्की, बुधवारी परत ट्रेक. घोळ इथूनच सुरू होतो. चालण्याचा दिवस आपल्याला निवडता येतो. स्कीचा दिवस मात्र आदल्या रात्री बर्फ गोठला की नाही, यावर ठरतो.

म्हणून पाच दिवस हाताशी असतील तर दोन स्कीचे, दोन चालण्याचे आणि एक राखीव असा हिशोब ठेवा, पण कोणता दिवस कशाचा हे दोन दिवस आधीचा हवामान अंदाज बघून ठरवा. रात्र ढगाळ आणि उबदार असणार असं दिसलं की दुसऱ्या दिवशी बूट घालून खालच्या जंगलात चालायला जायचं. नुसत्या स्कीसाठी आलेल्या माणसाचा तो दिवस फुकट जातो, तुमचा जात नाही. दोन्ही एकत्र करण्याचा खरा फायदा हाच आहे.

बर्फाचं वेळापत्रक

वसंतात ज्या बर्फासाठी लोक पहाटे उठतात तो कॉर्न स्नो. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं असं बरेच दिवस चाललं की बर्फाचे बारीक स्फटिक जाऊन त्यांच्या जागी मोठे, गोलसर दाणे तयार होतात. पहाटे हे दाणे एकमेकांत गोठून अख्खा उतार टणक झालेला असतो. ऊन लागलं की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे आणि रवाळ होतात, खालचा थर तसाच घट्ट राहतो. उतरायचं ते याच तास-दीड तासात. त्याआधी निघालात तर स्कीची कड धरत नाही आणि एकदा घसरलात की थांबणं कठीण. उशीर केलात तर स्की रुतत जाते आणि ओला उतार सुटण्याचा धोका वाढत जातो.

उत्तर गोलार्धात पूर्वेचे उतार सर्वात आधी मऊ होतात, मग आग्नेयेचे आणि दक्षिणेचे, आणि दुपारकडे पश्चिमेचे. उत्तरेचे उतार एप्रिलमध्ये कित्येकदा दिवसभर मऊ होतच नाहीत. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिणेची अदलाबदल करायची. तिथला वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर. दोन गोष्टींचा इथे हमखास विसर पडतो. एक, सूर्याकडे तोंड करून असलेला तीव्र उतार त्याच दिशेच्या सौम्य उतारापेक्षा लवकर तापतो. दोन, जिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात तिथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, एक ते दीडच्या सुमाराला. दुसऱ्या ठिकाणच्या कोणी सांगितलेली “दहा वाजता उतरा” ही वेळ जशीच्या तशी उचलू नका.

रात्री बर्फ गोठेल की नाही हे नुसत्या तापमानावर ठरत नाही. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की बर्फ आपली उष्णता थेट आकाशात सोडतो आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. उलट ढगाळ रात्री ढग ती उष्णता परत खाली पाठवतात. हवा शून्याच्या आसपास असूनही वर जेमतेम पापुद्रा धरतो. अंदाज बघताना तीन आकडे एकत्र बघा: रात्रीचं ढगांचं प्रमाण, हवेतली आर्द्रता आणि शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे. शेवटचा आकडा मिळत नसेल तर जवळच्या ठिकाणच्या तापमानावरून काढता येतो, कारण दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. अर्थात निरभ्र, शांत रात्री थंड हवा दरीत साचते आणि हे गणित उलटंही होतं, तेव्हा दरीतल्या आकड्यावर फार विसंबू नये.

हंगामातली पहिली मोठी उष्णतेची लाट सर्वात वाईट. हिवाळाभर कोरड्या राहिलेल्या थरांमध्ये पहिल्यांदाच पाणी झिरपतं आणि आतला कमजोर थर सुटतो. असे तीन-चार दिवस दिसले की स्कीचा विचार सोडून द्या. पुढे पाण्याला खालपर्यंत वाटा तयार होतात, गोठण्या-वितळण्याची बरीच चक्रं होऊन जातात, आणि मग तोच उतार पहाटे भरवशाचा होतो. हे दक्षिणेकडच्या उतारांबद्दल. त्याच आठवड्यात त्याच डोंगराच्या उत्तर बाजूला हिवाळ्याचा कोरडा बर्फ आपल्या हिवाळी धोक्यांसकट शिल्लक असू शकतो. माथा ओलांडून पलीकडे उतरायचा बेत असेल तर एका दिवसात दोन वेगळ्या प्रकारच्या बर्फाचा अभ्यास करायचा आहे, हे धरूनच चाला.

केव्हा आणि कुठे

उत्तर गोलार्धात एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचा काळ या मिश्र सहलीला सर्वात सोयीचा. एप्रिलमध्ये बर्फ खालपर्यंत असतो, त्यामुळे स्की जास्त आणि चाल कमी. जूनमध्ये बरोबर उलट: तासन्‌तास स्की पाठीवर आणि बक्षीस म्हणून पाच-सहाशे मीटरचा उतार. जुलैनंतर उरलेल्या बर्फावर उन्हाने वाट्यांसारखे खड्डे पडलेले असतात. त्यावरून स्की करण्यात काही राम नाही; तिथून पुढे एकतर हिमनदी किंवा लिफ्ट.

तारखा पक्क्या करण्याआधी राहण्याची जागा उघडी आहे का ते बघा, कारण इथे मोठी फट असते. आल्प्समधले उंचावरचे बरेचसे हट (डोंगरातली मुक्कामाची घरं) मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत स्कीवाल्यांसाठी चालू असतात, मग बंद होतात आणि जूनच्या मध्यानंतर चालणाऱ्यांसाठी पुन्हा उघडतात. मधल्या पाच-सहा आठवड्यांत मिळाली तर फक्त हिवाळी खोली: पलंग, पांघरुणं, कधी चूल, पण जेवण नाही आणि सांभाळणारा माणूस नाही. नेमके याच आठवड्यांत बर्फ आणि पायवाट दोन्ही छान असतात. मग शिधा आणि स्टोव्ह पाठीवर आला, आणि वजन वाढलं.

लिफ्ट, घाटरस्ते आणि हिमस्खलनाची दैनंदिन पत्रकं यांचंही तेच. खूप ठिकाणी रोजचं पत्रक एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये थांबतं, धोका मात्र थांबत नाही. पत्रक नाही म्हणजे सगळं ठीक असा अर्थ काढू नका. उंच खिंडीतले रस्ते कधी उघडतील हे दरवर्षी बदलतं. रस्ता बंद असेल तर सात-आठ किलोमीटरची डांबरी चाल वाढते आणि एका दिवसाचा बेत दोन दिवसांचा होतो.

वाटेच्या नावावरही भुलू नका. फ्रान्समधल्या शामोनीपासून स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटपर्यंतची ‘ओत रूत’ ही वाट स्कीवाल्यांचीही आहे आणि चालणाऱ्यांचीही, पण स्कीची वाट हिमनद्यांवरून आणि उंच खिंडींतून जाते, चालणाऱ्यांची त्याहून बरीच खालून. एकीचा नकाशा घेऊन दुसरीवर जाता येत नाही. एका दिवसात चाल आणि स्की दोन्हींचा अनुभव घ्यायचा तर अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनची टकरमन रॅव्हाइन ही जुनी, नावाजलेली जागा: सुमारे चार किलोमीटर पाठीवर स्की घेऊन चालायचं आणि मग दरीच्या भिंतीवर पायऱ्या खणत चढायचं. वसंतात तिथे वरून बर्फाचे मोठे तुकडे कोसळतात आणि खालून वाहणाऱ्या पाण्याने बर्फ पोकळ होतो, तेव्हा नावाजलेली म्हणजे सोपी असं समजू नये. ज्यांना चढाईची दगदग नको त्यांच्यासाठी झेरमॅट किंवा ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स इथली हिमनदीवरची उन्हाळी स्की आहे. सकाळी लिफ्टने वर जाऊन स्की, दुपारी बर्फ मऊ झाला की खालच्या पायवाटा. पहिल्यांदाच असा बेत करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत.

बर्फ नेमका कुठून सुरू होतो हे घरबसल्या कळतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रं फुकट बघायला मिळतात आणि दर काही दिवसांनी नवं चित्र येतं. ढग नसलेलं ताजं चित्र उघडा, तुमच्या वाटेवर सलग बर्फ कुठे सुरू होतो ती उंची नकाशावर टिपून घ्या. हे दक्षिण आणि उत्तर उतारांसाठी वेगवेगळं करा, दोन्हींत काहीशे मीटरचा फरक पडतो. चित्र दहा दिवसांपूर्वीचं असेल आणि मधे ऊन तापलं असेल तर रेषा वर सरकली आहे असं धरा. जंगलात वरून बर्फ दिसत नाही, पण झाडांच्या सावलीत तो रेंगाळतो. या पट्ट्यात ना धड चालता येतं ना धड स्की करता येते, आणि अंदाज सर्वात जास्त इथेच चुकतो.

उलटा हिशोब

निघायची वेळ शेवटाकडून मोजत आणायची. स्विस गाइड वेर्नर मुंटर यांची पद्धत यासाठी हाताशी ठेवावी, डोक्यातल्या डोक्यात जमते. अंतर किलोमीटरमध्ये घ्या, चढ किंवा उतार शंभर मीटरच्या हिशोबात घ्या, दोन्हींची बेरीज म्हणजे एकक. चढताना ताशी ४ एकक, सपाटीला किंवा पायी उतरताना ६, स्कीवर उतरताना १०. पाठीवर स्की आणि बूट दोन्ही असतील तर चढाईचे ४ न धरता ३ धरा; कागदावर आळशीपणा वाटतो, वाटेवर बरोबर ठरतो.

उदाहरण घेऊ. गाडी १६०० मीटरवर, बर्फ २१०० वर सुरू, माथा २९००, उताराचं तोंड आग्नेयेला. खालचा टप्पा ३ किलोमीटर आणि ५०० मीटर, म्हणजे ३ + ५ = ८ एकक. पाठीवर ओझं, म्हणून ८ ला ३ ने भागून २ तास ४० मिनिटं. वरचा टप्पा स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी) लावून ४ किलोमीटर आणि ८०० मीटर, म्हणजे १२ एकक. ४ ने भागून ३ तास. बूट बदलणं, स्किन लावणं, माथ्यावर त्या काढणं आणि दोन छोट्या विश्रांती मिळून ५० मिनिटं. एकूण साडेसहा तास. उतार साडेनऊला मऊ होईल असा अंदाज असेल तर गाडीपासून पहाटे तीनला निघायला हवं.

आता खरी मेख. वरचा भाग साडेनऊला मऊ होत असेल, तर २१०० मीटरवरचा भाग कदाचित आठलाच मऊ झाला असेल, आणि तुम्ही तिथे पोचणार दहा-साडेदहाला. म्हणजे माथ्यावर बर्फ कधी छान होतो यापेक्षा खालच्या टोकाचा बर्फ तुम्ही पोचेपर्यंत किती सडलेला असेल यावर वेळ ठरवायची. खालचा भाग सौम्य आणि मोकळा असेल तर थोडं रुतून काम भागेल. तो अरुंद घळीत असेल किंवा वर मोठे उतार टांगलेले असतील, तर सगळा हिशोब तासभर अलीकडे ओढा आणि वरचे शंभर-दोनशे मीटर थोडे टणक मिळाले तरी चालवून घ्या.

तीनला निघणं झेपणार नसेल तर आदल्या दुपारी चालत जाऊन बर्फाच्या सीमेजवळ मुक्काम करा. चाल आणि स्की यांची ही सर्वात सरळ वाटणी: दुपारची चाल, पहाटेची स्की. वरच्या उदाहरणात मग ३ तास चढाई आणि ३५ मिनिटं इतर, म्हणजे सहाला निघालं तरी पुरतं. तंबू आणि झोपण्याचं सामान मिळून माणशी चार-पाच किलो वाढतं, पण ते फक्त खालच्या टप्प्यापुरतं. तंबू कोरड्या जमिनीवर, वरच्या कोणत्याही मोठ्या उताराच्या माऱ्याबाहेर आणि नाल्यापासून उंच लावा. दुपारी इवलासा दिसणारा ओहोळ संध्याकाळपर्यंत दुप्पट झालेला असतो.

मुक्काम अडीच-तीन हजार मीटरच्या वर असेल तर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. चालण्याचे दिवस सहलीच्या सुरुवातीला टाकले की हे आपोआप साधतं.

पाठीवर स्की, पायात काय

कोरडी चाल अर्ध्या-पाऊण तासापर्यंत असेल तर स्कीच्या बुटांतच चालावं, बकल ढिली आणि मागचा खटका चालण्याच्या स्थितीत. त्याहून लांब असेल तर हलके ट्रेल शूज घ्या. नाहीतर टाचेला फोड येतो आणि तो पुढचे चारही दिवस साथ देतो. दगडांवरून चालल्याने बुटाचा तळ झिजतो, पण त्याहून त्रासदायक गोष्ट वेगळीच. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना जी छोटी धातूची भोकं असतात त्यांत माती बसते, मग बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीच्या, पिना पूर्ण आत जात नाहीत. खटका वाजतो, बूट बसल्यासारखा वाटतो, आणि तिसऱ्या वळणावर स्की निघून जाते. स्की चढवण्याआधी भोकं पेचकसाच्या टोकाने साफ करा. पुढचा भाग अडकवल्यावर टाच मोकळी असतानाच बूट चार-पाच वेळा वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे उरलेली माती किंवा बर्फ बाहेर पडेल. मगच टाच दाबा.

स्की सॅकला बांधायच्या दोन पद्धती. दोन बाजूंना एकेक स्की लावून वरची टोकं पट्ट्याने एकत्र बांधायची, ही लांब चालीला बरी कारण वजन दोन्ही खांद्यांवर सारखं येतं. दोष असा की उतरताना शेपट्या पोटऱ्यांवर आपटतात आणि झाडीत वरची टोकं फांद्यांत अडकतात. दुसरी पद्धत तिरकी: दोन्ही स्की एकत्र बांधून पाठीवर तिरप्या रेषेत. पटकन काढता-घालता येतात, छोट्या चढाला छान, पण तासाभरात एका बाजूचं कंबरडं बोलायला लागतं. कोणतीही पद्धत असो, घरी सॅक पूर्ण भरून जिने चढून-उतरून बघा. ट्रेल शूज घालून चालणार असाल तर स्कीचे बूट सॅकवर पाठीला घट्ट लागतील असे बांधा आणि त्यांच्या पोकळीत मोजे, स्किन्स, जेवण भरा. नुसते लोंबकळत ठेवले तर प्रत्येक पावलाला मागे ओढतात.

स्की आणि बूट मिळून पाच-सात किलो, बाकी सामान सहा-सात, म्हणजे दिवसाच्या सॅकचं वजन ११ ते १४ किलो. ते कमी करायचं तर कपड्यांत करा. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे अणकुचीदार काटे), आइस अ‍ॅक्स आणि स्कीखाली बसणारे स्की-क्रॅम्पॉन यांत काटकसर नको. पहाटेच्या टणक उतारावर स्किन्स घसरतात, तेव्हा स्की-क्रॅम्पॉनशिवाय पुढे जाता येत नाही. ते तुमच्या स्कीच्या रुंदीला आणि बाइंडिंगला बसतात का, हे निघण्याआधी बघा. पायातले क्रॅम्पॉन अ‍ॅल्युमिनियमचे हलके पडतात आणि नुसत्या बर्फाला पुरतात. खडक किंवा काचेसारखा कठीण निळा बर्फ लागणार असेल तर पोलादीच हवेत.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) उन्हाळा आला म्हणून घरी ठेवू नका. ओलं हिमस्खलनही माणसाला गाडतं आणि थांबल्यावर सिमेंटसारखं आवळतं. गाडलेल्याच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, म्हणजे शोधणारे तुमचे सोबतीच. फोन ट्रान्सीव्हरपासून किमान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना ५०. हिमनदीवर जायचं असेल तर हार्नेस, दोर आणि हिमदरीतून, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगेतून, माणूस बाहेर काढण्याचा सराव लागतो. तो नसेल तर गाइड घ्या, इथे मधला मार्ग नाही.

दुरुस्तीच्या पिशवीत एवढं हवंच: बाइंडिंगच्या स्क्रूला बसणारा पेचकस, तीन-चार ताणाचे रबरी पट्टे, मजबूत चिकटपट्टी, थोडी तार, स्किनसाठी मेण. उन्हासाठी एसपीएफ ५० चं क्रीम हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि दर हजार मीटरला त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. चष्मा श्रेणी ३ चा (ही काचेच्या काळेपणाची श्रेणी), हिमनदीवर ४ चा. श्रेणी ४ लावून गाडी मात्र चालवू नका.

बर्फ सुरू होतो तिथे

ट्रेल शूज इथे ठेवून जायचे असतील तर पिशवीत घालून झाडाला टांगा किंवा दगडाखाली दाबा. घामाच्या मिठाच्या लोभाने मार्मट आणि साळिंदरासारखे प्राणी पट्टे कुरतडतात. जागेचं जीपीएस टिपण घ्या. पहाटेच्या अंधारात ओळखीचा वाटलेला दगड दुपारी सापडत नाही. उतरायची वाट वेगळी असेल तर शूज सोबतच न्यावे लागणार, हे विसरू नका.

इथेच गोठण्याची पहिली परीक्षा घ्या. काठी जोरात मारा, मग बुटाने उभे राहा. दहा सेंटिमीटर किंवा जास्त जाडीचा, वजन पेलणारा थर असेल तर पुढे जा. दोन-तीन सेंटिमीटरचा पापुद्रा आणि खाली ओला भुसा असेल, तर तो पापुद्रा उन्हाच्या पहिल्या तासातच जाणार. अशा दिवशी स्की तिथेच उतरवा आणि चालायला जा. एवढं ओझं इथवर आणल्यावर मागे फिरणं जिवावर येतं, म्हणून हा निर्णय आदल्या रात्रीच गटात बोलून ठेवलेला बरा.

वसंतात स्किन्स दोन प्रकारे दगा देतात. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या थंड बर्फात गेलं की केसांतलं पाणी गोठतं आणि त्यावर बर्फाचे गोळे धरतात. प्रत्येक पाय दोन-दोन किलो जड. निघतानाच केसांच्या दिशेने मेण घासलेलं असेल तर हे बरंचसं टळतं. झालंच तर गोळे दुसऱ्या स्कीच्या कडेने खरवडा, मेण लावा, आणि पाय न उचलता घसटत चाला. दुसरा प्रकार म्हणजे गोंद ओला होऊन स्किन सुटणं. काढलेल्या स्किन्स घडी करून जॅकेटच्या आत ठेवा, पुन्हा लावताना स्कीचा तळ पुसून कोरडा करा. तरी सुटलीच तर रबरी पट्टा स्कीभोवती आवळून वेळ निभावता येते.

कुठे थांबायचं

उताराचा कोन नकाशावर रंगांत दाखवणारी सोय वापरा. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. पण या रंगांत छोटे कडे आणि खडकाच्या पायऱ्या दिसत नाहीत, तेवढी शंका मनात ठेवा. शक्यतो ज्या उतारावरून चढलात त्याच्याच आसपास उतरा, म्हणजे बर्फाची स्थिती आधीच तपासलेली असते.

वेळ संपत आल्याच्या खुणा एका क्रमाने येतात. आधी उन्हातल्या खडकांखालून छोटे बर्फाचे गोळे घरंगळतात. मग स्की काढल्यावर बूट घोट्याच्या वर रुततो. मग एखाद्या खडकापासून पंख्याच्या आकारात बर्फ सुटून खाली सरकतो. पहिली खूण दिसली की चढणं थांबवा, माथा अर्ध्या तासावर असला तरी. तिसरी दिसेपर्यंत तुम्ही खालच्या मोकळ्या जागेत असायला हवं. उतरताना एका वेळी एकाने उतरावं, बाकीच्यांनी माऱ्याबाहेर थांबून बघत राहावं.

उलटाही प्रकार होतो: थंड वारा सुटतो, ढग येतात आणि उतार मऊ होतच नाही. पस्तीस अंशांच्या टणक बर्फावर पडलेला माणूस क्षणात वेग घेतो, आणि खाली खडक असतील तर आइस अ‍ॅक्सचा उपयोग पहिल्या एक-दोन सेकंदांतच. तासभर वाट बघा. नाहीच झाला तर स्की पाठीवर, क्रॅम्पॉन पायात, आणि आल्या वाटेने पायी उतरा. ऊन-सावलीच्या सीमेवरही जपा: रवाळ बर्फावरून ओल्या, चिकट पट्ट्यात गेलात की स्की एकदम अडते आणि माणूस पुढे फेकला जातो. गुडघे वाकलेले आणि एक पाय किंचित पुढे ठेवला की तोल जात नाही.

खालच्या भागात बर्फाखालून नाले वाहत असतात. मधोमध खोलगट दिसणाऱ्या, काळसर पट्ट्यावरून दुपारी जाऊ नका. खडकाला लागून जी फट पडलेली असते ती वरून हातभर आणि आत माणूसभर असू शकते. माथ्याच्या कडेवर वाऱ्याने बाहेर लोंबलेलं बर्फाचं छप्पर, म्हणजे कॉर्निस, असतं आणि ते वाटतं त्याहून बरंच आत तुटतं.

चालण्याचे दिवस

हे दिवस सोपे समजून लोक बेफिकीर होतात. कोरड्या पायवाटेला स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ चा नियम पुरतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पण पायवाट उत्तरेच्या घळी ओलांडत असेल तर प्रत्येक घळीत जुन्या बर्फाची पट्टी असते. सकाळी ती टणक आणि निसरडी, वीस पावलांची आणि खाली थेट खड्ड्यात जाणारी. बुटांवर चढवायचे छोटे काटे सौम्य उताराला पुरतात, अशा तिरक्या ओलांडणीला नाही. दुपारी त्याच पट्टीत मांडीपर्यंत पाय जातो. तेव्हा चालण्याच्या दिवशी दक्षिणेच्या, बर्फ गेलेल्या सोंडा धरा. त्या दिवशी उशिरा निघालं तरी चालतं, फक्त विजांचे ढग दुपारनंतर जमतात हे ध्यानात ठेवून माथे आधी उरकायचे.

नाले सकाळी ओलांडा. वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारनंतर चढतं आणि पहाटे सर्वात कमी असतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेला नाला परतताना मांडीपर्यंत भेटू शकतो, म्हणून परतीची वाट पूल असलेली निवडा. पाण्यात उतरावंच लागलं तर जिथे पात्र रुंद आहे तिथे उतरा आणि सॅकचा कंबरपट्टा सोडून ठेवा. पाठीवर स्की असताना हे दुप्पट महत्त्वाचं, कारण प्रवाह स्कीला धरून माणसाला फिरवतो.

संध्याकाळची कामं

उद्या पुन्हा स्की करायची असेल तर आजचं काम मुक्कामावर पोचल्यावर संपत नाही. स्किन्स सावलीत, वाऱ्यावर टांगा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्या तर गोंद पातळ होतो आणि पुढच्या वेळी स्कीच्या तळाला चिकटून राहतो. बुटांचे आतले अस्तर काढून वाळवा, रात्री थंडी असेल तर ते स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. स्कीच्या कडा पुसा, ओल्या राहिल्या तर एका रात्रीत गंज धरतो. तळ खडकाला घासून खोल चर पडली असेल तर ती कडेपासून किती लांब आहे बघा. मधली चर सहल संपेपर्यंत थांबू शकते. कडेला लागून असेल तर कडा उचकटू शकते, ती त्याच रात्री भरून घ्या.

बर्फ वितळवून पाणी करणार असाल तर भांड्यात आधी दोन बोटं पाणी घाला, नाहीतर कोरडा बर्फ तळाला लागून भांडं करपतं आणि पाण्यालाही तो वास येतो. उद्यासाठी माणशी दोन-तीन लिटर रात्रीच भरून ठेवा आणि बाटल्या उलट्या ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, मग बर्फ बुडाकडे राहतो आणि झाकण मोकळं राहतं. घरच्या कोणाला तरी वाट, गाडीची जागा आणि “या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागव” अशी नेमकी वेळ कळवून ठेवा. त्या वेळेत दोन तासांची मोकळीक धरा, आणि उशीर होणार हे कळताच, रेंज असेल तिथून, कळवा.